नावापुढचा आकडा

जांभळांचे दिवस होते. बदलापूर गावातल्या बहिणीच्या घरी ओटीवर सकाळपासून टोपल्या येऊन पडत होत्या, आणि आतल्या खोलीत माझी भाची लॅपटॉपपुढे कपाळाला हात लावून बसली होती. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आसपासच्या काही शेतकऱ्यांची जांभळे एकत्र करून बाजारात पाठवायची आणि ज्याची जितकी किलो त्याला तितक्याची पावती द्यायची, हे काम भावोजी दर मोसमात करतात. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून कुणाचा माल किती, ही नोंद चोख ठेवणे जास्तच गरजेचे झाले आहे. वहीतल्या बेरजा चुकतात, वाद होतात, म्हणून भाचीने मैत्रिणीच्या मदतीने हिशेबाचा एक छोटा प्रोग्रॅम सी++ या भाषेत लिहिला. त्यातली सगळी नावे तिने हट्टाने मराठीत, देवनागरीत ठेवली होती.

प्रोग्रॅमच्या दोन्ही फायली वेगवेगळ्या तपासल्या तर बिनचूक होत्या. एकत्र जोडायला गेले की यंत्र म्हणे, ‘शेतकऱ्याची_पावती’ नावाचे काही सापडत नाही.

“मामा, हे बघ ना,” ती म्हणाली, “नाव इथे आहे, तिथेही आहे. अक्षर न् अक्षर तेच. तरी म्हणतो सापडत नाही!”

मी तीस वर्षे प्रोग्रॅमिंगवर पोट भरले आहे. ही तक्रार मी शेकडो वेळा ऐकली होती, पण मराठी शब्दाबद्दल पहिल्यांदाच. त्या दुपारी जे सापडले ते समजण्यासाठी, संगणकाच्या पोटात नावांचे काय होते हे आधी पाहावे लागेल. वाचकाला प्रोग्रॅमिंग येत नसले तरी चालेल; नाव ही गोष्ट आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे.

मोठा प्रोग्रॅम एका फाइलीत लिहीत नाहीत. त्याचे तुकडे करतात, आणि कंपायलर एकेका तुकड्याचे स्वतंत्रपणे यंत्रभाषेत रूपांतर करतो. एका तुकड्यात ‘पावती छापण्याचे काम अमुक नावाच्या फंक्शनकडे सोपवा’ एवढेच लिहिलेले असते. ते फंक्शन दुसऱ्याच तुकड्यात असते. म्हणून प्रत्येक तुकड्यासोबत कंपायलर एक यादी जोडून देतो. माझ्याकडे असलेली नावे कोणती आणि मला हवी असलेली नावे कोणती, अशी ती यादी. शेवटी लिंकर नावाचा प्रोग्रॅम सगळ्या याद्या समोर ठेवून मागणी आणि पुरवठा जुळवतो. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांचे सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवरचे पाठ्यपुस्तक वाचून देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या हे सगळे शिकल्या, मीही त्यांपैकीच.

लिंकरचे काम पोस्टमनसारखे आहे, पण नव्याने बदली होऊन आलेल्या पोस्टमनसारखे. गावातला जुना पोस्टमन ‘पाटील, बदलापूर’ एवढ्यावर पत्र पोचवील, कारण कोणता पाटील कुणाच्या पत्राची वाट बघतो आहे हे त्याला ठाऊक असते. लिंकरला कुणाचीच ओळख नसते. पाकिटावरची अक्षरे आणि दारावरची अक्षरे यांची तो फक्त तुलना करतो. जुळली तर पत्र आत, नाही तर परत.

जुन्या काळी या पाकिटावर जागाही फार नव्हती. फोरट्रान भाषेत नावाला सहा अक्षरांची मर्यादा होती. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणकानेसुद्धा फायलींच्या सीमा ओलांडणाऱ्या नावातली पहिली सहाच अक्षरे लक्षात घेतली जातील एवढीच हमी दिली होती, आणि तीही लहान-मोठ्या लिपीतला भेद न पाळता. तेव्हाच्या कित्येक लिंकरांना त्याहून जास्त झेपतच नव्हते. १९९९ च्या प्रमाणकात ही हमी एकतीस अक्षरांवर गेली.

खरी अडचण मात्र लांबीची नव्हती. एकाच नावाच्या दोन गोष्टी असू लागल्या, तेव्हा ती आली.

बदलापूरकराला हे समजावायला रेल्वेचा इंडिकेटर पुरे. संध्याकाळी मुंबईहून बदलापूरला जाणाऱ्या गाड्या अनेक असतात. त्यांतली कोणती सगळीकडे थांबणार आणि कोणती मधली स्टेशने सोडणार, हे ‘बदलापूर’ या नावात नसते. म्हणून इंडिकेटरवर ‘बी एल’च्या शेजारी जलद की धीमी हे सांगणारे अक्षर लागते. कर्जतसाठी ‘एस’ आणि कसाऱ्यासाठी ‘एन’ का, हे नवख्याला कळणार नाही, पण रोजचा प्रवासी ते संकेत न अडखळता वाचतो. मुक्काम तोच, नाव तेच, गाडी वेगळी. म्हणून नावाला गुण चिकटवायचा.

सी++ मध्ये हेच घडले. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये सी भाषेत भर घालायला सुरुवात केली. १९८३ मध्ये तिचे नाव सी++ पडले. या भाषेत एकाच नावाची अनेक फंक्शन्स ठेवता येतात. ‘पावती’ला केवळ खातेक्रमांक दिला तर ती एक काम करील, खातेक्रमांक आणि वजन दोन्ही दिले तर दुसरे. माणसाला ही सोय आवडते, कारण बोलताना आपणही तेच करतो. पण सी++ चा तो पहिला कंपायलर, सीफ्रंट, सी++ चे रूपांतर सी भाषेत करीत असे, आणि त्याखाली तोच जुना अक्षरे जुळवणारा लिंकर होता. त्याला एका नावाची दोन दारे चालत नव्हती. लिंकर बदलणे हातात नव्हते. तो प्रत्येक यंत्राबरोबर त्या त्या कंपनीकडून येई. म्हणून नावच बदलायचे ठरले. फंक्शनला काय काय दिले जाते याची खूण नावातच गुंफून एक नवे, लांबलचक नाव लिंकरकडे द्यायचे. याला नेम मँगलिंग म्हणतात. मँगल म्हणजे पिळून, मोडून, ओळखू न येण्याजोगे करणे. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत याच नावांना ‘सजवलेली नावे’ म्हणतात. पिळलेली की सजवलेली, हे बघणाऱ्याने ठरवावे.

मराठी माणसाला या प्रकाराचे नवल वाटायला नको. आपले नाम वाक्यात शिरताना जसेच्या तसे राहत नाही. ‘घोडा’ला ‘ला’ लागायचा तर आधी ‘घोड्या’ व्हावे लागते. सरदारांच्या स्वाऱ्यांचे घोडे इथे बदलत म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, असे आमच्याकडे सांगतात. आणि त्या बदलापूरचेही ‘त’ लागताना ‘बदलापुरात’ होते, दीर्घ ‘पू’ ऱ्हस्व होतो. शब्दाचे वाक्यातले काम त्याच्या रूपावर उमटते. घोड्याने काही केले, घोड्याला काही दिले की घोड्यावरून कुणी उतरले, हे नुसत्या रूपावरून कळते. मँगलिंग हे नावाचे असेच सामान्यरूप आणि प्रत्यय आहेत. फक्त ते यंत्रासाठी आहेत.

सुरुवातीला ही खूण फक्त समान नावांच्या फंक्शनांना लावली जाई, आणि नाव सामायिक आहे हे प्रोग्रॅमरला मुद्दाम जाहीर करावे लागे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ती सर्वच फंक्शनांना लागू झाली, आणि त्यातून एक फार मोलाचा फायदा मिळाला. तो जांभळांच्या हिशेबातूनच सांगतो. समजा, एका फाइलीने वजन पूर्ण किलोत, म्हणजे पूर्णांकात पाठवले, आणि दुसरी फाइल ते साडेतीन, पावणेसहा अशा अपूर्णांकात येईल असे धरून बसली. सी भाषेत दोन्हीकडे नाव ‘पावती’च असते. लिंकर खुशाल जोडून देतो, प्रोग्रॅम चालतो आणि पावतीवर भलताच आकडा छापला जातो. चूक कळते ती शेतकरी दारात येऊन उभा राहिल्यावर. सी++ मध्ये पूर्णांक मागणाऱ्या ‘पावती’चे मँगल केलेले नाव वेगळे आणि अपूर्णांक मागणारीचे वेगळे. नावे जुळत नाहीत, जोडणीच होत नाही, आणि चूक कारखान्याबाहेर पडत नाही. मुकाट्याने चुकीचे चालण्यापेक्षा बोंब मारून थांबलेले बरे, हा त्यामागचा विचार.

आता या नावाची रचना पाहू. लिनक्सवर जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर जी पद्धत वापरतात ती मुळात इंटेलच्या इटॅनियम प्रोसेसरसाठी ठरवली गेली. तो प्रोसेसर बाजारातून गेला. त्याची नावे ठेवण्याची रीत मागे उरली. तिच्यात प्रत्येक नावाची सुरुवात एका अधोरेषेने आणि मोठ्या लिपीतल्या ‘झेड’ने होते. मग एक आकडा, मग मूळ नाव, मग फंक्शनला लागणाऱ्या गोष्टींची एकाक्षरी खूण: पूर्णांकाला ‘आय’, दुहेरी अचूकतेच्या अपूर्णांकाला ‘डी’. साध्या फंक्शनच्या बाबतीत ते उत्तर काय देते याची खूण मात्र नसते. एका नावाच्या दोन फंक्शनांत निवड करताना भाषा उत्तराच्या प्रकाराकडे बघतच नाही. नाव एखाद्या मोठ्या गटात मोडत असेल तर आपण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव सांगतो तशी उतरंड ‘एन’ आणि ‘ई’ या दोन अक्षरांच्या कंसात येते. आणि एकच लांब नाव पुन्हा पुन्हा यायचे असेल तर दुसऱ्यांदा ते न लिहिता एक छोटी खूण लिहितात. तलाठ्याच्या किंवा पोलिसपाटलाच्या कागदात एकदा पूर्ण नाव लिहून झाल्यावर पुढे ‘सदर इसम’ म्हणतात, अगदी तसे.

नावाआधीचा तो आकडा म्हणजे नावाची लांबी. हे साधे तंत्र फार उपयोगी आहे. नाव कुठे संपते आणि खुणा कुठे सुरू होतात हे आकड्यावरून नेमके कळते. त्यामुळे दोन वेगळ्या फंक्शनांचे एकच मँगल केलेले नाव होत नाही, आणि त्या नावावरून मूळ नाव परत काढता येते. दोन गोष्टी कधी एक होऊ नयेत आणि मागे फिरता यावे, या चांगल्या मँगलिंगच्या दोन कसोट्या.

या कसोट्यांवर आपली रोमन मराठी मात्र साफ नापास होते. आपल्याकडचे बहुतेक प्रोग्रॅमर मराठी नावे द्यायची झाली तर रोमन लिपीत देतात. त्या लिपीत वाडी, वडी आणि वादी यांचे एकच रूप होते. काल, काळ, कळ, कल यांचेही. तळेगाव ढमढेरे हे पुणे जिल्ह्यातले गाव रोमन पाटीवर वाचून पाहा; तिथे ‘ढ’ आणि ‘ध’ यांना एकच जोडी मिळते, आणि ते नाव पूर्वी न ऐकलेला माणूस मूळ उच्चारापर्यंत परत येऊ शकत नाही. इथे पिळताना रस सांडतो. भाचीचा देवनागरीचा हट्ट मला म्हणूनच रास्त वाटला. ‘जांभूळ_दर’ आणि ‘जांभूळ_दार’ यांत गोंधळ व्हावा असे कुणाला वाटेल?

देवनागरी नावे चालायला वेळ लागला. जीसीसीमध्ये ती सरळ देवनागरीतच टंकायची सोय २०२० मधल्या दहाव्या आवृत्तीपासून आली. रस्ट या नव्या भाषेत जून २०२१ पासून. नाव लिंकरपर्यंत न्यायच्या रीती मात्र दोन आहेत. जीसीसी आणि क्लँग देवनागरी अक्षरांचे बाइट जसेच्या तसे नावात ठेवतात. रस्टची नवी मँगलिंग पद्धत जास्त सावध आहे. खालच्या कुठल्या जुन्या साधनाने अडवू नये म्हणून ती प्युनिकोड नावाच्या संकेताने देवनागरीचे रूपांतर साध्या रोमन अक्षर-अंकांत करते. प्युनिकोड आपण नकळत वापरतो. २०१४ पासून ‘.भारत’ अशी संकेतस्थळांची नावे मिळतात. त्यातला ‘भारत’ इंटरनेटच्या यंत्रणेत ‘एक्स एन’, दोन आडव्या रेघा आणि ‘एच २ बी आर जे ९ सी’ असा प्रवास करतो आणि ब्राउझरमध्ये पुन्हा ‘भारत’ होतो. दिसायला हे रोमन मराठीपेक्षाही अगम्य, पण काही न हरवता परत येणारे.

लांबीच्या आकड्याचे देवनागरीत काय होते ते पाहा. ‘बदलापूर’ डोळ्यांना पाच अक्षरी दिसते. युनिकोडच्या हिशेबात ती सात चिन्हे आहेत, कारण काना आणि उकार वेगळे मोजले जातात. साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून मँगल केलेल्या नावात ‘बदलापूर’पुढे आकडा येतो २१. हिंदीप्रमाणे ऱ्हस्व ‘पु’ लिहिला तरी २१च, मात्र एका बाइटमध्ये एकाचा फरक. आणि लिंकरला तेवढा फरक पुरतो. गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ लिहावा हा नियम १९६२ साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांत आहे. ज्यांना त्या नियमांचा जाच वाटतो त्यांनी लिंकरशी एकदा गाठ घालून पाहावी.

आता त्या दुपारकडे येतो. यंत्राने दाखवलेले आणि फाइलीत लिहिलेले ‘शेतकऱ्याची_पावती’ अगदी सारखे होते. ऱ्हस्व-दीर्घ तपासले, ठीक होते. मग माझ्या लक्षात आले, की आम्ही बघत होतो ती उलगडलेली नावे. माणसाला वाचता यावे म्हणून ही साधने मँगल केलेले नाव पुन्हा सोपे करून दाखवतात. मी भाचीला म्हटले, “ती सोय बंद कर. लिंकर जे बघतो तेच आपण बघू.”

दोन्ही याद्या मूळ रूपात काढल्या. हवे असलेले नाव: अधोरेषा, झेड, ४६, मग शेतकऱ्याची_पावती, मग आय, डी. असलेले नाव: अधोरेषा, झेड, ४९, मग शेतकऱ्याची_पावती, मग आय, डी.

सेहेचाळीस आणि एकोणपन्नास. फरक तीन बाइटांचा, म्हणजे एका चिन्हाचा. आणि ते चिन्ह डोळ्यांना दिसत नव्हते.

भाची बोटांवर मोजायला लागली. ‘शेतकऱ्याची’ची दहा चिन्हे, तिसाचा आकडा; अधोरेषेचा एक; ‘पावती’ची पाच चिन्हे, पंधरा. एकूण ४६. तिची फाइल बरोबर होती. ४९ वाली फाइल मैत्रिणीची होती.

दोष निघाला ‘ऱ्या’मध्ये. हा अर्धा र मराठीचा खास. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना बोलावले तर प्रवचन होईल, आचाऱ्यांना बोलावले तर जेवण. युनिकोडमध्ये हा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरा, साध्या ‘र’चा पाय मोडून त्यामागे ‘शून्य रुंदीचा जोडक’ नावाचे न दिसणारे चिन्ह घालायचे. ही दुसरी रीत युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत होती. तिच्यात लिहिलेला मजकूर बिघडू नये म्हणून पुढेही मान्य राहिली. भाची इनस्क्रिप्ट कळफलक वापरते, त्यात ‘ऱ’ला स्वतंत्र कळ आहे. मैत्रीण उच्चारानुसार टंकणारे साधन वापरते, आणि त्याने तो अदृश्य जोडक घातला होता. छापल्यावर, पडद्यावर, कुठेही फरक दिसत नाही. त्यांचा जुना कंपायलर दोन्ही नावे निमूट स्वीकारत होता, आणि लिंकर म्हणत होता ते खरेच होते: हे नाव माझ्याकडे नाही.

याला दोष कुणाचा म्हणायचे? मैत्रिणीने मराठी शुद्धच लिहिले होते. सी++ च्या २०२३ च्या प्रमाणकाने यावर तोडगा काढला आहे. नावांत कोणती चिन्हे चालतील याची यादी आता युनिकोडच्या नियमांवरून ठरते आणि त्यात हा अदृश्य जोडक बसत नाही. रस्टमध्येही बसत नाही. म्हणजे असे नाव आता जोडणीपर्यंत न जाता आधीच अडवले जाईल. ज्या भाषांना काही शब्दांत जोडकावाचून इलाज नाही त्यांच्यावर हा नियम अन्याय करतो. मराठीचे नशीब असे की टिंबाचा ‘ऱ’ आपल्याकडे आहे, आणि तो वापरला तर आपला एकही शब्द अडत नाही. पण हे टंकणाऱ्याला माहीत हवे. शाळेत संगणक शिकवताना, शासकीय नोंदी करताना, शेतकऱ्यांच्या याद्या बनवताना ‘ऱ्या’ कसा उमटतो याकडे कोण लक्ष देते? ‘शेतकऱ्याचे’ हा शब्द शोधला आणि अर्ध्या नोंदी सापडल्याच नाहीत, तर तिथे लिंकरसारखे ओरडून सांगणारेही कुणी नसते. नोंद मुकाट्याने गळते.

आम्ही मैत्रिणीच्या फाइलीत ते चिन्ह सगळीकडे बदलले. पुन्हा याद्या काढल्या. दोन्हीकडे ४६. जोडणी झाली.

संध्याकाळी पहिली पावती छापून निघाली तेव्हा ओटीवर शेजारचे एक आजोबा बसले होते. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन आपले नाव वाचले, मग किलो वाचले, आणि घडी करून खिशात ठेवला.

“मामा,” भाची मला हळूच म्हणाली, “ते नाव एवढं विचित्र दिसत होतं, पण चूक त्यालाच माहीत होती.”

मी म्हटले, “त्याला चूक माहीत नव्हती. त्याने फक्त मोजून ठेवलं होतं.”